इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक एक नेहमी हाच:
मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
एकतीस वर्षं मी ते लिहिलं
गणेशखिंडीकडच्या दगडी इमारतीत,
टेबलाच्या टोकाला, जिथे चहा सगळ्यात शेवटी यायचा.

तेव्हा सभा अकराला बसायची
आणि दिवेलागण झाली तरी उठायची नाही.
ढमढेरे सर एका स्वल्पविरामावर पाऊण तास बोलायचे.
वसतिगृहाच्या आमटीत पाणी किती, यावरून
संगमनेरच्या सभासदाने एकदा वाटीच आणून ठेवली
अध्यक्षांच्या पुढ्यात, वर झाकण लावून.
मी लिहिलं, "आमटीबाबत सविस्तर चर्चा झाली."
कसली चर्चा! भांडण होतं ते.
पण भांडायला माणसं यायची,
मतं मागून निवडून आलेली, एसटीने, डबा घेऊन.

फार सोन्याचे दिवस होते असं नाही म्हणत मी.
जुन्नरची एक मुलगी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी
चार हेलपाटे घालून पाचव्यांदा
खिडकी क्रमांक सातसमोर मटकन बसली,
तेव्हा तिची फाइल कुचेकरांच्या खुर्चीतल्या उशीखाली होती.
हे इतिवृत्तात सापडणार नाही.
आता तिच्या धाकट्या बहिणीला
तोच कागद मोबाइलवर येतो, तीन दिवसांत.
तेही लिहून ठेवते.

सुधारणा आल्या त्या आधी शब्दांत आल्या.
विद्यार्थ्याचा लाभार्थी झाला, लाभार्थ्याचा भागधारक.
निवृत्त झालेल्यांच्या जागा
रिकाम्या आहेत म्हणायचं नाही,
त्या 'आकृतिबंधात बसत नाहीत'.
बाणेरच्या सल्लागार कंपनीतून ऋत्विज आला,
सभ्य मुलगा, हुशार, बूट दाराशी काढणारा.
त्याने पडद्यावर एक तक्ता मांडला,
प्रत्येक विभागापुढे दिवा: हिरवा, पिवळा, लाल.

पाली लाल.
विद्यार्थी तीन, शिक्षिका एक,
तीही तासिका तत्त्वावर.
खिलारे बाईंचं बिल तासांवर निघतं,
दिवाळीत निघत नाही.
वर्गाचं दार त्या लावत नाहीत,
जाता जाता कुणी चौथा येऊन बसेल म्हणून.
तो चौथा कुठल्या रकान्यात भरायचा,
मी ऋत्विजला विचारलं.
तो थांबला. खरंच थांबला.
मग म्हणाला, "मॅडम, रकाना नाहीये."

माझ्या शेवटच्या सभेला मी घड्याळ लावलं.
अठ्ठावीस विषय, चाळीस मिनिटं.
निवडून आलेले थोडे, नेमलेले बरेच,
आणि नेमलेल्यांना घाई.
स्वायत्तता हा शब्द नऊदा आला,
नऊही वेळा मागोमाग 'स्वनिधी'.
चहा मात्र माझ्यापर्यंत गरम पोचला.

विषय सतरा: लाल दिव्याचे विभाग विलीन करणे.
"कुणाची हरकत?"
पंखा फिरला. चौकात मेट्रोच्या खांबाखाली
कुणीतरी हॉर्नवरचा हात काढेना.
सवयीने माझ्या पेनाने 'सर्वानुमते' लिहून टाकलं होतं,
शेवटच्या 'ते'वरची मात्रा तेवढी राहिली होती.

ती मी दिली नाही.
शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं,
"कोणीही बोलले नाही. ठराव मंजूर."

आता मी खडकीला असते, घरी, दुपारी झोपते.
परवा माझ्या जागेवरच्या गायत्री बनकरचा फोन आला.
"मॅडम, ते वाक्य वगळायचं म्हणतायत. कसं लिहू?"
म्हटलं, वगळा ना.
फक्त वगळा असं कोण म्हणालं,
त्यावर दुसरं कोण काय म्हणालं,
नावानिशी लिहा, म्हणजे झालं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही.
मग कागद उलटल्याचा आवाज,
आणि तिचा, जरा हळू:
"मॅडम, म्हणजे मग चर्चा झाली असं होईल."